वैद्यकीय मंडळापुढे जाण्यापूर्वी

दीर्घ आजाराने ग्रासलेल्या माणसाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे असेल, तर ठरलेल्या दिवशी त्याला सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांच्या मंडळापुढे बसावे लागते. तपासणी काही मिनिटांत आटोपते, आणि त्या मिनिटांवर पुढची काही वर्षे अवलंबून राहतात. ज्याचा हात किंवा पाय गेला आहे, त्याचे व्यंग कोणत्याही दिवशी सारखेच दिसते. सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा पार्किन्सन यांचे तसे नाही. हे आजार चढउतारांचे आहेत. सोमवारी खाटेवरून न उठलेला रुग्ण गुरुवारी आपल्या पायांनी बसमध्ये चढू शकतो, आणि तपासणीला अर्थातच तो चालता येईल अशाच दिवशी पोचतो. त्याचे वाईट दिवस मंडळाला दिसत नाहीत. ते कागदावर उतरले असतील तरच मोजले जातात. या तपासणीची सगळी तयारी या एका अडचणीभोवती फिरते.

भुसावळ तालुक्यातील वरणगाव हे दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. कारखान्याची वसाहत, तापीकाठच्या शेतीत राबणारे मजूर, सातपुड्यातून कामासाठी उतरलेली भिल्ल, पावरा व तडवी कुटुंबे, रेल्वे आणि दीपनगरच्या वीजकेंद्रावर कंत्राटी काम करणारे कामगार अशी इथली वस्ती आहे. यांतल्या आजारी माणसाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. रोजचा उपचार गावातल्या किंवा भुसावळच्या दवाखान्यात होतो. रक्ताच्या किंवा मज्जासंस्थेच्या आजाराची तपासणी सुमारे ४० किलोमीटरवरच्या जळगावला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. हे महाविद्यालय २०१८ मध्ये जुन्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच सुरू झाले, म्हणून लोकांच्या तोंडी ते अजूनही ‘सिव्हिल’च आहे. अनुदानाचा अर्ज मात्र भुसावळच्या तहसील कार्यालयात जातो. तिन्ही ठिकाणचे कागद एकमेकांशी जुळवण्याचे काम रुग्णाच्याच अंगावर पडते.

अशा आजारांना कायद्यात जागा मिळून फार काळ लोटलेला नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. रक्ताचा आजार त्यांत नव्हता. सिकलसेलमुळे वर्षातून अनेकदा दवाखान्यात भरती होणारा तरुण त्या कायद्याच्या दृष्टीने धडधाकट होता. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकारांची संख्या २१ झाली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्तविकार, तसेच मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन व मज्जासंस्थेचे इतर दीर्घकालीन आजार त्यात आले. खानदेशाच्या दृष्टीने या बदलाचे मोल फार मोठे आहे. जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे त्या अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि हाडे, सांधे, छाती किंवा पोट असह्य दुखू लागते. पाणी कमी पडणे, ताप, थंडी, अतिश्रम यांतले काहीही निमित्त पुरते. पेशी लवकर मरत असल्याने रक्त सतत कमी असते. वर्षानुवर्षे असेच चालले की कित्येकांच्या मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा रक्ताअभावी झिजतो आणि लंगडणे कायमचे होते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला, म्हणजे ज्याच्या अहवालात ‘एएस’ लिहिले आहे त्याला, सहसा त्रास होत नाही आणि दिव्यांगत्वासाठी तो पात्रही ठरत नाही. ‘एसएस’ अहवाल असलेला रुग्ण पात्र ठरू शकतो. गावोगावच्या शिबिरांत दोघांनाही ‘सिकल निघाला’ एवढेच सांगितले जाते. त्यामुळे वाहक जळगावपर्यंत हेलपाटा घालतो, आणि खरा रुग्ण मात्र पुष्कळदा घरीच बसतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. तेव्हापासून तपासण्या वाढल्या आहेत, म्हणून हा फरक समजावून सांगण्याची गरजही वाढली आहे.

यादीत नसलेले दीर्घ आजारही पुष्कळ आहेत. मधुमेह, मूत्रपिंड निकामी होणे, हृदयविकार, दमा, कर्करोग यांची नावे २१ प्रकारांत नाहीत. मंडळ आजार मोजत नाही. आजाराने शरीराच्या कार्यात आणलेली उणीव मोजते. मधुमेहाने पाय कापावा लागला तर तो अस्थिव्यंगात मोजला जाईल आणि दृष्टी गेली तर अंधत्वात, पण मधुमेहाला स्वतःची टक्केवारी नाही. आमवाताने बोटे वाकडी झाली असतील तर सांध्यांची हालचाल मोजली जाईल. नुसती सकाळची ताठरता व थकवा त्या मोजमापात क्वचितच उतरतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून चालू असलेल्या वैयक्तिक स्वावलंबन भत्त्याची पद्धत वेगळी आहे. तिथे एखादे काम माणूस सुरक्षितपणे, बऱ्यापैकी रीतीने, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करू शकतो का, आणि अडचण निम्म्याहून अधिक दिवस असते का, हे पाहिले जाते. त्या पद्धतीविषयीही तिथे भरपूर तक्रारी आहेत, तरी ‘किती दिवस’ हा प्रश्न नियमातच असणे चढउताराच्या आजाराला न्याय देणारे आहे. आपल्याकडे हा प्रश्न रुग्णाला स्वतःच्या फायलीतून मंडळापुढे ठेवावा लागतो.

टक्केवारीची पद्धत आधीच समजून घेतलेली बरी. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. एकापेक्षा जास्त प्रकार असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या टक्केवारीत छोटीचा काही भागच मिळवला जातो: ९० मधून मोठी संख्या वजा करायची, उरलेल्या संख्येने छोटीला गुणायचे, ९० ने भागायचे आणि उत्तर मोठीत मिळवायचे. सिकलसेलसाठी ४० आणि झिजलेल्या खुब्यासाठी ३० टक्के मिळाले, तर एकूण ७० होत नाहीत. सुमारे ५७ होतात. हे ठाऊक नसले की हातात पडलेले प्रमाणपत्र चुकीचे वाटते. कोणीतरी टक्के ‘खाल्ले’ असा संशय येतो आणि टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या दलालाचे फावते. खोटी माहिती देऊन लाभ घेतल्यास २०१६ च्या कायद्याच्या ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दलाल तेव्हा जबाबदारी घ्यायला येत नाही.

अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय संकेतस्थळावर भरावा लागतो. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र देणे या मार्गानेच सक्तीचे आहे. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि रहिवासाचा पुरावा जोडला की नोंदणी क्रमांक मिळतो. अर्ज राहत्या जिल्ह्यातील रुग्णालयाकडे करता येतो, तसाच जिथे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडेही करता येतो. वरणगावच्या एखाद्या रुग्णाचा उपचार वर्षानुवर्षे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चालला असेल, तर त्याची सगळी कागदपत्रे तिथेच असतात आणि डॉक्टर त्याला ओळखत असतात. अशा वेळी धुळ्याचा पर्याय विचारात घ्यावा. नावाच्या स्पेलिंगवर बारीक लक्ष द्यावे. आधारवर एक, दवाखान्याच्या कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकात तिसरे नाव, ही आदिवासी आणि स्थलांतरित कुटुंबांत नित्याची गोष्ट आहे, आणि तेवढ्यावर पुढे अनुदान अडते.

तयारीत सर्वांत जास्त वेळ खाणारी आणि सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे फाईल. तिच्यात सर्वांत वर निदानाचा पक्का अहवाल हवा. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक असते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते, रुग्ण आणि वाहक यांत फरक करत नाही. तो फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीत कळतो, म्हणून त्याच अहवालाची मूळ प्रत लागते. इथे एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. रक्त चढवल्यानंतर लगेच ही चाचणी केली तर रक्तदात्याचे निरोगी हिमोग्लोबिन मिसळलेले असते आणि ‘एसएस’ रुग्णाचा अहवाल वाहकासारखा दिसू शकतो. चाचणी रक्त चढवण्याआधी करावी, नाहीतर नंतर सुमारे तीन महिने थांबावे. हे न पाळल्यामुळे खऱ्या रुग्णाचा अर्ज फेटाळला जाण्याची पाळी येते.

निदानानंतर वाईट दिवसांचे पुरावे येतात. प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची नोंद, हिमोग्लोबिनचे तारीखवार अहवाल, खुब्याचा एक्स-रे किंवा एमआरआय, हायड्रॉक्सियुरियासारख्या चालू गोळ्यांची चिठ्ठी, हे सगळे तारखेच्या क्रमाने लावावे. खरी तूट इथेच निघते. दुखणे उठले की मजूर माणूस जवळच्या खासगी दवाखान्यात जातो, इंजेक्शन घेतो, पैसे देतो आणि कागद न घेता घरी येतो. असे दहा झटके येऊन गेले तरी फायलीत एकही दिसत नाही. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले तर केस पेपर निघतो, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून हा उपचार मोफत आहे. केस पेपरवर काय लिहिले जाते याकडेही लक्ष हवे. ‘अंगदुखी, अशक्तपणा’ एवढीच नोंद असेल तर ती हिवतापाची, थकव्याची, कशाचीही असू शकते. ‘सिकलसेल एसएस रुग्ण, दोन्ही मांड्या व पाठीत तीव्र वेदना, तीन दिवसांपासून कामावर नाही, सलाईन व वेदनाशामक दिले’ अशी नोंद असेल तर मंडळाला तिचा अर्थ लगेच लागतो. डॉक्टरांना तसे लिहिण्याची नम्रपणे विनंती करण्यात काही गैर नाही. रुग्णाच्या घरी कॅलेंडर असतेच. दुखण्याच्या दिवशी त्यावर खूण आणि बाजूला दोन शब्द लिहून ठेवले, तर दवाखान्याच्या कागदांमधली रिकामी जागा भरून निघते. हे पान वैद्यकीय पुरावा ठरत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाला नेमके उत्तर देण्यासाठी त्याच्याइतका दुसरा आधार नाही.

म्हणून ही तयारी तपासणीच्या आदल्या आठवड्यात होण्यासारखी नाही. निदान झाले त्या दिवसापासून, प्रत्येक दवाखान्याच्या फेरीला एक कागद या हिशेबाने ती चालू राहायला हवी. घरातल्या एका लिहित्या-वाचत्या माणसाने, बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलीने किंवा भावाने, हे काम अंगावर घेतले तर ते निभते. वस्तीवरची आशाताई यात फार मोठी मदत करू शकते.

मंडळापुढचे प्रश्न साधे असतात. काय काम करता, किती चालवते, जिना चढता येतो का, गेल्या वर्षात किती वेळा भरती झालात, रक्त शेवटचे कधी चढवले, कोणत्या गोळ्या चालू आहेत. अडचण उत्तरांची असते. मोठ्या डॉक्टरांपुढे तक्रार करणे आपल्याकडे वाईट दिसते, म्हणून ‘कसं आहे?’ या प्रश्नावर तोंडून सवयीने ‘बरं आहे, साहेब’ निघते. अहिराणी घरातला माणूस ‘बरं शे’ म्हणून मोकळा होतो. डॉक्टर तेच लिहून घेतात. चालवते का म्हटल्यावर ‘हो’ हे उत्तर खरे असते, पण अपुरे असते. ‘बसस्टँडपर्यंत चालतो, मध्ये दोनदा बसतो, दुसऱ्या दिवशी खुबा सुजतो, कामाचे महिन्यातले आठ-दहा दिवस बुडतात’ हे पूर्ण उत्तर आहे. त्यात वाढवून सांगितलेले काही नाही आणि लपवलेलेही काही नाही. चांगल्या दिवशी काय जमते, वाईट दिवशी काय जमत नाही आणि असे वाईट दिवस महिन्यात किती, या तीन गोष्टी रुग्णाने घरी मोठ्याने बोलून पाहाव्यात. तपासणीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तेही सांगावे. मुद्दाम गोळी चुकवून दुखणे घेऊन जाऊ नये. सिकलसेलमध्ये तो जिवाशी खेळ ठरू शकतो. पावरी बोलणाऱ्या बाईला मराठी प्रश्न नीट कळत नसेल तर सोबतच्या माणसाने दुभाषा व्हावे, पण उत्तर तिचेच असू द्यावे. नवऱ्याने किंवा भावाने परस्पर दिलेल्या उत्तरांत तिच्या घरकामाची अडचण सहसा येतच नाही. पाण्याचा हंडा उचलता येतो का, मूल कडेवर घेता येते का, हेही कार्यक्षमतेचेच प्रश्न आहेत.

जळगावला जाण्याचा दिवस हाही या आजाराच्या माणसासाठी जोखमीचा दिवस असतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी लवकर निघायचे, उपाशीपोटी रांगेत उभे राहायचे, लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणी प्यायचे नाही, या क्रमाने झटका ओढवून घेतला जातो. पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी, चालू गोळ्या आणि सोबत एक माणूस हवाच. मंडळ ठरलेल्या वारीच बसते, म्हणून वार आधी विचारून निघावे. शक्य असल्यास उन्हाळा टाळून तारीख घ्यावी. मूळ कागद दाखवावेत, झेरॉक्स जमा कराव्यात. एकच मूळ डिस्चार्ज कार्ड कार्यालयात सोडून आलेल्याला ते परत मिळवताना फार वणवण करावी लागते.

२०१६ च्या कायद्याखालील, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार अर्जावर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. अपात्र ठरवले तर कारणे लेखी द्यावी लागतात. ती मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तोंडी ‘बसत नाही’ हे उत्तर घेऊन परतू नये. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील करता येते, आणि अपिलात आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. लेखी कारण नसेल तर अपिलाला आधारच उरत नाही. आजारात बदल होण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्रावर मुदत घातली जाते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर काय मिळते, याचीही रास्त कल्पना असावी. १९८० पासून चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हा महाराष्ट्रातील मुख्य आधार आहे. तिच्यात दीर्घ आजाराच्या माणसाला दोन वाटांनी प्रवेश मिळतो. एक वाट दिव्यांगत्वाची: ४० टक्के किंवा अधिक, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत. दुसरी दुर्धर आजाराची: क्षय, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणारे आणि सिकलसेलग्रस्त, कुटुंबाचे उत्पन्न २१ हजारांपर्यंत. दुसऱ्या वाटेने महिना १,५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये वाढ मंजूर केली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम २,५०० रुपये झाली. सिकलसेलचा जो रुग्ण दुर्धर आजाराच्या वाटेने आधीच अनुदान घेतो आहे, त्यालाही मंडळापुढे जाणे म्हणूनच मोलाचे आहे: महिना हजार रुपयांचा आणि उत्पन्नमर्यादेचा फरक पडतो. २१ हजारांची मर्यादा म्हणजे महिना १,७५० रुपये. दोन हातांनी मजुरी करणाऱ्या कोणत्याही घराला ती पाळता येणे अवघड आहे, आणि ती इतकी खाली ठेवणे अन्यायाचे आहे. राज्याच्या योजनेत वय १८ ते ६५ आणि राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य याही अटी आहेत. ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींसाठी केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यात केंद्राचा वाटा महिना फक्त ३०० रुपये आहे.

शिक्षण आणि नोकरी यांत एक फरक आहे आणि तो कळल्यावर अनेक घरांची निराशा होते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याला उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षण मात्र कायद्याच्या ३४ व्या कलमात नमूद केलेल्या प्रकारांपुरते आहे आणि रक्तविकार त्यांत नाहीत. खुब्याच्या झिजेमुळे अस्थिव्यंगाचेही ४० टक्के मिळत असतील, तर त्या प्रकारातून मार्ग निघू शकतो. मंडळाला दोन्ही प्रकारांचे मूल्यमापन करण्याची विनंती सुरुवातीलाच करण्याचे हे आणखी एक कारण.

तहसील कार्यालयातील अर्जासोबत प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा व वयाचा पुरावा आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. अनुदान आता थेट खात्यात जमा होते. चालू झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. प्रमाणपत्राला मुदत असेल तर ती संपण्याच्या तीन-चार महिने आधीच नव्याने अर्ज करावा, कारण मंडळाच्या निर्णयालाच तीन महिने लागू शकतात आणि मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर अनुदान थांबते.